भुशासाठी सायक्लोन: अमळनेरच्या वर्कशॉपमधल्या नोंदी

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

सुरुवात बिबड्यांवरून, म्हणजे ज्वारीच्या पापडांवरून झाली. गच्चीवर जुन्या लुगड्यावर बिबडे वाळत घातलेले आणि खाली मी किचनचे सोळा शटर घासत बसलेलो. एमडीएफचे, म्हणजे लाकडाचे तंतू गोंदात दाबून केलेल्या फळ्यांचे. उकडतं म्हणून दार उघडं. संध्याकाळी बायकोने एक बिबडा उजेडात धरून दाखवला. तीळ होते, मिरचीचं बी होतं, आणि त्यांच्यामध्ये तिसरंच काहीतरी बसलेलं. "हे तुम्ही खा," म्हणाली, "आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ताई येतील त्यांच्यासाठी मी वेगळे घालते."

आप्पांनी जन्मभर बाभूळ, निंब आणि सागावर काम केलं. वखर, पांभर, गाड्यांची चाकं. त्यांचा भुसा म्हणजे करवतीखालचा रवा आणि रंध्याची सालं. झाडूने लोटला, पोत्यात भरला, चुलीला गेला. एमडीएफची पूड दळलेल्या पिठासारखी असते. उडाली की खाली यायचं नाव घेत नाही, पत्र्याच्या भोकातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात अर्धा-अर्धा तास तरंगत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं आहे. मी मास्क लावतो. बिबड्यांना कोण लावणार?

व्हॅक्यूम आहे माझ्याकडे. १४०० वॅटचा, ओलं-सुकं दोन्ही ओढणारा, २० लिटरची टाकी. ओढ छान, पण त्याचा घड्यांचा कागदी फिल्टर एमडीएफने दहा मिनिटांत लिंपून जातो. मग मोटर नुसती किंचाळते. दिवसातून चार वेळा फिल्टर अंगणात नेऊन झटकायचा, म्हणजे जी धूळ पकडली तीच परत मोकळी करायची. आप्पा बघत होते. म्हणाले, "कसाले एवढी खटपट? दार उघडं ठेव, वारा लई जाई भुसा." वारा नेतो हो, पण गच्चीवर नेतो.

व्हॅक्यूमच्या आधी एक सायक्लोन बसवायचा, असं ठरवलं.

१८ फेब्रुवारी

ही वस्तू खान्देशात कोणाला नवीन नाही, फक्त आपण मान वर करून बघत नाही. जळगावच्या डाळमिलांवर, जिनिंगच्या शेडांवर पत्र्याची मोठमोठी नरसाळी उभी असतात, टोक खाली. तोच सायक्लोन. धूळ भरलेली हवा वरच्या गोल भागात कडेने, तिरकी शिरते. गोल फिरायला लागते. हवा वळते, पण जड कण वळायला तयार नसतात. ते बाहेर फेकले जाऊन भिंतीला घासतात, वेग हरवतात आणि घरंगळत टोकातून खालच्या डब्यात पडतात. हवा मात्र खाली गेल्यावर मध्यातून उलटी वर चढते आणि वरच्या नळीतून व्हॅक्यूमकडे जाते. आत हलणारा एकही भाग नाही.

इंग्लंडात जेम्स डायसनने लाकूड कापायच्या गिरणीवर असाच सायक्लोन पाहिला आणि त्यावरून बिनपिशवीचा घरगुती व्हॅक्यूम काढला. त्यासाठी त्याने ५,१२७ नमुने केले. मी पाचात आटपायचं ठरवलंय.

मापांसाठी स्टेअरमँड नावाच्या इंग्रज अभियंत्याची १९५१ सालची प्रमाणं घेतली. सगळं मुख्य नळकांड्याच्या व्यासावर. नळकांडं व्यासाच्या दीडपट उंच, खालचं नरसाळं अडीचपट. हवा शिरायची खिडकी अर्धा व्यास उंच आणि एक पंचमांश रुंद. वर जाणारी नळी अर्ध्या व्यासाची. खालचं भोक ०.३७५ पट.

२३ फेब्रुवारी, रविवार

सामान. १६० मिमीचा पीव्हीसी पाइप मेहुण्याच्या मळ्यातल्या पाइपलाइनचा उरलेला, फुकट. घरी आणून मोजला तर आतला व्यास १५२. १६० हे बाहेरचं माप असतं, हे मला माहीत असायला हवं होतं. आठ वर्षं शेती केलीय. पुन्हा सगळे आकडे: नळकांडं २२८, नरसाळं ३८०, खिडकी ७६ गुणिले ३०, वरची नळी ७६, खालचं भोक ५७. ७५ चा पाइप बाजारात मिळतो, म्हणजे वरच्या नळीचं भागलं.

होज म्हणून शेतातल्या पंपाचा हिरवा सक्शन पाइप, दीड इंची. आतून गुळगुळीत असतो आणि ओढीने चपटत नाही.

२७ फेब्रुवारी

आजचा दिवस नरसाळ्याचा. हे काम माझं नव्हे. बाजारात धान्याच्या कोठ्या करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे गेलो. मी कागदावर काढून नेलेलं: बाहेरचा कंस ५९६ मिमीच्या त्रिज्येचा, आतला २१२ चा, कोन साधारण ४८ अंश. कंपासपेटीतल्या कोनमापकाने एवढ्या मोठ्या कंसावर कोन धरणं अवघड, म्हणून बाहेरच्या कंसाची लांबीच लिहून नेली होती, ५०३. काकांनी कागद बघितला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "हवा कोणत्या हाताने फिरणार?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी पत्र्याच्या दोन कडा एकीवर एक ठेवून दाखवल्या. वळकटीच्या आत एक कड दुसरीवर चढते, तिथे पायरी तयार होते. हवा त्या पायरीवर समोरून आदळली तर भुसा तिथेच अडकेल आणि थर बसेल. हवा पायरीवरून उतरत गेली तर काही होणार नाही. त्यांनी आयुष्यात सायक्लोन केलेला नाही, रॉकेलची नरसाळी आणि कोठ्या केल्यात. वरून बघताना घड्याळासारखी फिरणार, असं सांगितलं. त्याप्रमाणे त्यांनी घडी फिरवली, लाकडी हातोडीने शिवण दाबली आणि आतून बोटाने चाचपून बघितली. मलाही बोट घालायला लावलं. एका बाजूने बोट सरकतं, दुसऱ्या बाजूने नख अडतं.

२६ गेजचा जस्ती पत्रा, वर २५ मिमीची सरळ कॉलर, म्हणजे पाइपवर बाहेरून चढेल. ३५० रुपये. मी कंस काढायला दोन तास घालवले होते. त्यांनी दोऱ्याला खिळा बांधून पाच मिनिटांत काढला.

२ मार्च, रविवार

जुळणी. नळकांड्याला वरून १८ मिमी प्लायचं झाकण, त्यातून ७५ ची नळी आत सोडलेली. खिडकीसाठी पत्र्याचा चौकोनी नळा करून रिव्हेट मारले, बाहेरून एम-सील. नरसाळ्याची कॉलर पाइपवर, चार स्क्रू आणि सिलिकॉन.

आतली नळी ६० मिमी आत ठेवली. का ६०? तेवढाच तुकडा उरला होता.

९ मार्च, रविवार

पहिला प्रयोग आणि पहिला स्फोट.

खालच्या डब्यासाठी १५ किलोचा तेलाचा चौकोनी डबा घेतला. अमळनेरात तेलाच्या डब्यांना काय तोटा. विप्रो ही कंपनी १९४५ साली इथेच निघाली, आणि ती निघाली वनस्पती तेलासाठी. डब्याच्या झाकणाला ५७ चं भोक, नरसाळ्याचं टोक त्यात, भोवती एम-सील. व्हॅक्यूम चालू केला. होजच्या तोंडाशी जमिनीवरचा भुसा नाहीसा व्हायला लागला आणि व्हॅक्यूमच्या टाकीत जवळजवळ काही नाही. मी खूश. पुतण्या खूश.

मग होजच्या तोंडाला सनमायकाचा तुकडा चिकटला. तोंड बंद. अर्ध्या सेकंदात बंदुकीसारखा आवाज आला आणि डबा आतून कोणी मिठी मारल्यासारखा चपटा झाला. शेजारच्या म्हशीने दावं ओढलं. आप्पा बाहेर आले, डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता आत गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

१२ मार्च

नवा डबा: ५० लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम, गोल, जाड, झाकणाला लोखंडी रिंग आणि खटका. वापरलेला, ४०० रुपये. सोड्याच्या पाण्याने तीनदा धुतला.

गोल असला तरी भीती मनातून जाईना. म्हणून ड्रमच्या झाकणात १२ मिमीचं भोक पाडलं आणि आतून सायकलच्या ट्यूबची गोल पाकळी, ती पेनच्या स्प्रिंगने वर दाबलेली. ओढ फार वाढली की पाकळी आत उघडेल, हवा शिरेल, ड्रम वाचेल. डोकं चालवल्यासारखं वाटलं. (ही ओळ मुद्दाम खोडलेली नाही.)

१३-१४ मार्च

होळी, धुळवड. काम बंद.

१६ मार्च, रविवार

आता मोजून चाचणी. एक किलो भुसा: ८०० ग्रॅम कटरखालचा, २०० ग्रॅम सँडरची एमडीएफ पूड. चाचणीआधी आणि नंतर व्हॅक्यूमची टाकी फिल्टरसकट वजन करायची, ड्रमचंही करायचं.

ड्रममध्ये ८४६ ग्रॅम. व्हॅक्यूममध्ये १४८. उरलेले सहा कुठेतरी चिकटले असतील.

१४८ फार आहेत. फिल्टर पुन्हा पांढरा. ड्रममधल्या भुशाच्या ढिगात मधोमध ओंजळभर खड्डा पडलेला दिसला. हवा फिरते म्हणून असेल, असं म्हणून झाकण लावलं.

२० मार्च

काल रंगपंचमी झाली, गुलाबी रंगाचं पाणी बादलीत उरलेलं. गवंड्याचा लेव्हलचा पारदर्शक पाइप आढ्याला बांधून एक टोक बादलीत, दुसरं व्हॅक्यूमला. होज पूर्ण बंद केला की पाणी किती चढतं ते बघायचं. गुलाबी पाणी सरसर वर गेलं आणि १७० सेंटीमीटरवर थांबलं, माझ्या डोक्याच्या थोडं खाली.

१७० सेंटीमीटर पाणी म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १७० ग्रॅम. तेलाच्या डब्याची एक बाजू २३ गुणिले ३५, म्हणजे ८०५ चौरस सेंटीमीटर. गुणाकार करा: १३७ किलो. प्रत्येक बाजूवर. चार बाजूंनी चार धष्टपुष्ट माणसं उभी राहिल्यावर पातळ पत्र्याचा डबा दुसरं काय करणार? गोल ड्रम हा भार कडेकडेने वाटून घेतो, सपाट पत्र्याला ते जमत नाही. ड्रमच्या झाकणावरही १२० किलो येतातच, पण झाकण जाड आहे आणि फासळ्यांचं आहे.

पुतण्याने आज एक चांगला प्रश्न विचारला. शेतात वावटळ येते ती पाचोळा, धूळ, कधी कोणाची टोपी वर उचलते. "काका, हीपण वावटळच ना? मग ही खाली कसं टाकते?" मी काहीतरी उत्तर दिलं. ते मला स्वतःलाच पटलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

२३ मार्च, रविवार

आतली नळी. खिडकी ७६ उंच आणि आतली नळी ६० च खोल, म्हणजे खिडकीच्या खालच्या भागातून आलेली हवा एक चक्करही न मारता सरळ नळीत घुसू शकते. ही घोडचूक होती. तुकडा उरला म्हणून ६० ठेवलेला! नवा तुकडा कापून १०० केला.

पुन्हा एक किलो. व्हॅक्यूममध्ये १२१.

सुधारलं, पण जेवढं सुधारायला हवं होतं तेवढं नाही. ढिगात खड्डा आहेच.

३० मार्च

पाडवा. गुढी. रविवार असूनही औजाराला हात नाही.

३१ मार्च

संशय आता खिडकीवर. व्हॅक्यूममधून किती हवा जाते ते मोजलं: मागच्या हवेच्या तोंडावर २०० लिटरची प्लास्टिकची पिशवी धरली, आठ सेकंदांत फुगली. सेकंदाला २५ लिटर. होजमध्ये हीच हवा सेकंदाला २२ मीटरने धावते. पण माझ्या खिडकीचं क्षेत्रफळ होजच्या दुप्पट, म्हणून तिथे वेग निम्मा, ११. पुस्तकातली प्रमाणं कारखान्याच्या मोठ्या पंख्यांसाठी आहेत. आपला व्हॅक्यूम जोराने ओढतो पण थोडीच हवा ओढतो. अकरा मीटरलाही भिंतीवर कणाला स्वतःच्या वजनाच्या १६० पट जोराने फेकलं जातं, तरी बावीस केव्हाही चांगले. सागाची पाचर तासून खिडकी ३० ऐवजी १५ मिमी रुंद केली.

व्हॅक्यूममध्ये ९६.

एक संपूर्ण दिवस आणि २५ ग्रॅमचा फायदा. चिडचिड झाली. नरसाळं अजून लांब करू का, असा विचार चालू आहे. काकांना पुन्हा त्रास द्यावा लागेल.

३ एप्रिल

कोपराला झटका बसला. हवा एवढी कोरडी झालीय की पीव्हीसीवरून भुसा घासत गेला की पाइप तडतडतो आणि हाताचे केस उभे राहतात. नरसाळ्याच्या पत्र्याला उघडी तांब्याची तार जोडून, पाइपभोवती पाच वेढे देऊन अर्थिंगला नेली. प्लास्टिकवरचं सगळं उतरत नाही, पण पत्र्याचा झटका गेला.

तार बांधताना एक नियमही भिंतीवर लिहिला: ग्राइंडरची ठिणगी या होजने ओढायची नाही. ड्रमभर कोरड्या भुशात एक निखारा पुरे.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. दुपारी नाना आले, सुंठवडा घेऊन. नाना म्हणजे गल्लीतले, जळगावला डाळमिलवर फिटर होते, आता निवृत्त. मी त्यांना सगळं दाखवलं: खिडकी, पाचर, नळी, आकड्यांची वही. लांब नरसाळ्याचा बेतही सांगितला. ते ऐकत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. खाली बसले, ड्रमवर हात ठेवला.

"वर काय दखी राहिना? खाले दख. डबा हवा ली राहिना तुना." म्हणजे वर काय बघतोयस, खाली बघ, तुझा डबा हवा घेतोय.

मग त्यांनी डाळमिलचं सांगितलं. तिथे सायक्लोनच्या खाली नुसतं भोक नसतं. फिरता एअरलॉक असतो, आत पंखासारख्या पात्या. एकेका कप्प्यात साल आणि चुरा पडतो, कप्पा फिरून खाली रिकामा होतो, पण वरून खालपर्यंत हवेला सरळ वाट कधीच मिळत नाही. पात्यांची रबरं झिजली की मिलमध्ये सगळ्यात आधी छपरावरून धूळ उडायला लागते. नवीन पोरं वर चढून सायक्लोन ठोकत बसतात. नाना खाली जाऊन रबर बदलायचे.

आकडे नाही, वही नाही. उदबत्ती लावा म्हणाले.

व्हॅक्यूम चालू, होजचं तोंड पूर्ण मोकळं, म्हणजे रोजच्या कामात असतं तसं. उदबत्तीचा धूर झाकणाच्या रिंगभोवती फिरवला: सरळ वर. टोकाच्या एम-सीलजवळ: सरळ वर. मग १२ मिमीच्या भोकाजवळ नेली. धुराची रेघ वाकली, पातळ झाली आणि भोकात शिरली. शिरतच राहिली. नानांनी उदबत्ती माझ्या हातात दिली आणि सुंठवड्याची पुडी सोडली.

ते भोक मीच पाडलेलं. ड्रम वाचवायला.

हिशोब आता लागला. भोकाचं क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटीमीटर. चालू कामातही ड्रमच्या आत ५०-६० सेंटीमीटर पाण्याइतकी ओढ असते, म्हणजे पाकळीवर साठ-पासष्ट ग्रॅमचा जोर. पेनच्या स्प्रिंगला तेवढ्यात मान टाकायला काय लागतं? पाकळी संकटात उघडत नव्हती, ती कायमच उघडी होती. व्हॅक्यूमच्या आवाजात तिची शीळ ऐकू आली नाही.

आणि पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच होतं. सायक्लोनच्या मधोमध हवा वरच चढत असते, वावटळीसारखीच. फरक एवढाच की आपण खालचं तोंड बंद केलेलं असतं, म्हणून वर चढणाऱ्या हवेला खालून नवी हवा मिळत नाही आणि पडलेला भुसा पडलेलाच राहतो. मी ड्रमला भोक पाडलं आणि वावटळीला तिची जमीन दिली. ढिगातला खड्डा त्या वावटळीने उकरलेला होता. तीन आठवडे तो माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी दर वेळी त्यावर झाकण लावत होतो.

भोकाला रबरी बूच आणि वरून सिलिकॉन. नाना गेल्यावर रात्री नऊला चाचणी केली, शेजाऱ्यांची माफी मागून. एक किलोतले व्हॅक्यूममध्ये ९.

नऊ ग्रॅम. तीनदा वजन केलं.

९ एप्रिल

भुसा बदलला नाही, फक्त पाचर काढली. व्हॅक्यूममध्ये १४. म्हणजे ज्या पाचरीवर मी संपूर्ण दिवस घातला तिचा खरा हिस्सा पाच ग्रॅम. पाचर परत बसवली, कारण ती सागाची आहे आणि सुबक झालीय. आतल्या नळीचा हिस्सा मोजायला ती पुन्हा कापावी लागेल, तेवढा उत्साह नाही.

१३ एप्रिल, रविवार

ड्रमला संरक्षण तर हवंच. ते आता वर, सायक्लोन आणि व्हॅक्यूमच्या मधल्या ७५ च्या पाइपवर. तिथून हवा शिरली तर ती सरळ व्हॅक्यूममध्ये जाते, भुशाला हातही लावत नाही. ड्रममधली ओढ मात्र तेवढीच उतरते. तेच १२ मिमीचं भोक, पाकळी चपलेच्या तळव्याच्या रबराची, स्प्रिंग जुन्या कुलपातली. १३० सेंटीमीटरला उघडायला हवी, म्हणजे १४७ ग्रॅमला. किराणा दुकानातून १०० आणि ५० ची वजनं मागून आणली, पाकळीला दोऱ्याने टांगली आणि स्प्रिंग तेवढ्यावर जेमतेम हलेल असा स्क्रू आवळला. होजचं तोंड तळहाताने बंद केलं: वर शीळ वाजली, ड्रम जागचा हलला नाही. हात काढला: शीळ बंद. उदबत्ती: मोकळ्या होजला धूर सरळ.

सनमायकाचा तुकडाही मुद्दाम चिकटवून बघितला. म्हैस शांत.

२१ एप्रिल

आठवडाभर रोजच्या कामात. दोन किचनचे शटर, एक देव्हारा. फिल्टर एकदाही झटकला नाही. आज उघडून पाहिला तर घड्यांवर पातळ राखाडी साय, बोटाने पुसली की बोट मऊ. हीच ती बारीक पूड, केसाच्या जाडीच्याही कितीतरी खाली, जिला फिरवून फेकण्याइतकं वजनच नसतं. ती सायक्लोनच्या हाती लागत नाही, तिच्यासाठी फिल्टर राहणारच. आणि सँडरच्या कडेने जी हवेत उडते ती होजपर्यंत येतच नाही, म्हणून मास्कही राहणार. आप्पांनाही एक दिला. त्यांनी तो खुंटीला टांगलाय, खोलीत येताना त्याच्याकडे बघून येतात.

एकूण खर्च: नरसाळं ३५०, ड्रम ४००, होज, एल्बो, क्लिपा, सिलिकॉन मिळून ५२०. १,२७० रुपये. तेलाचा डबा धरलेला नाही.

२७ एप्रिल, रविवार

बुधवारी आखाजी. ताई काल आली, दोन्ही भाच्यांना घेऊन. निंबाच्या झाडाला झोका बांधायचा म्हणून फळी काढली, तीही निंबाचीच, आप्पांनी बारा वर्षांपूर्वी चिरून ठेवलेली. कडा गोल केल्या, १२० आणि मग २२० च्या कागदाने घासली. वर गच्चीवर ताईसाठीचे बिबडे वाळत होते. दार उघडंच होतं, उकडत होतं.

काम झाल्यावर ड्रमची रिंग सोडली. भुसा मधोमध उंच, कडेला उतरता, खळ्यात धान्याची रास घालतात तसा. भाचीने त्यात बोट खुपसलं.

नानांनी ड्रमचा भुसा कोंबड्यांखाली अंथरायला मागितलाय. निंबाचा आणि सागाचा देईन. एमडीएफचा देणार नाही, त्यात गोंद असतो. त्याचं पोतं वेगळं, वर खडूने लिहिलंय.